जुन्या स्पोर्ट्स कारची तडकलेली पुढची काच सोलापुरात बदलून मिळेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर आहे, पुढच्या काचेला ड्रायव्हरच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यातून तडा गेलाय, शोरूमवाले हात वर करतात, कुणी पुण्याला जा म्हणतं तर कुणी हैदराबादला. काम सोलापुरात होईल का, आणि काच आणायची कुठून?

काम सोलापुरात होईल. काच मात्र बाहेरून येईल.

अक्कलकोट रोडला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, काचा काढणं-बसवणं रोजचंच. शोरूमवाल्यांना मी नावं ठेवणार नाही. तिथली पोरं आजच्या गाड्यांवर शिकलेली. वायरने जुनी काच कापायची, युरेथेन म्हणजे काच चिकटवायच्या गोंदाचा पट्टा ओढायचा, नवी चिकटवायची. तुमच्या गाडीत चिकटवण्याचा विषयच नाही. काच रबरात बसते आणि रबर फ्रेमच्या पत्र्यावर. अ‍ॅम्बॅसिडर, पद्मिनी, जुने ट्रक, सगळीकडे हीच पद्धत होती. त्यामुळे स्पोर्ट्स कारचा स्पेशालिस्ट शोधत बसू नका. ट्रकच्या काचा बसवण्यात केस पांढरे झालेला माणूस गाठा. गाडी इंग्लंडची आहे की मद्रासची, याच्याशी त्याच्या हाताला काही घेणं-देणं नसतं.

आता खरा मुद्दा. काच कुठून आणायची यापेक्षा ती तडकली का, हे आधी बघा.

तडा जाऊनही काच जागेवर उभी आहे, म्हणजे ती लॅमिनेटेड आहे. दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, तो तुकडे धरून ठेवतो. टफन्ड असती तर खडीसाखरेसारखा चुरा होऊन तुमच्या मांडीवर आली असती. आता तड्यावरून बाहेरच्या बाजूने नख फिरवत न्या. दगड लागलेला असेल तर कुठेतरी नख अडकतं, बारीक खड्डा लागतो. आपल्याकडे ऊस आणि खडीच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवली की हे व्हायचंच. पण खड्डा कुठेच नाही आणि तडा थेट काठापासून सुरू झालाय, तर दोष काचेचा नाही, फ्रेमचा आहे. तुमच्या वर्णनावरून मला तरी हेच वाटतंय.

होतं असं. रबर जुनं झालं की दगडासारखं कडक होतं आणि त्याच्याखाली पाणी मुरतं. सगळ्यात जास्त मुरतं खालच्या दोन कोपऱ्यांत. पत्रा गंजतो, गंज फुगतो, आणि तो फुगवटा काचेच्या काठाला एकाच जागी रेटत राहतो. काचेला पसरलेला दाब चालतो, टोचणारा चालत नाही. त्यात आपला मे महिना. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत दुपारभर उभी केलेली गाडी, आणि संध्याकाळी कुणीतरी धुवायला म्हणून त्यावर गार पाण्याची बादली मारतं. निमित्त तेवढं पुरतं. आणखी एक, गाडी बुटकी असल्यामुळे उतरताना माणूस काचेच्या फ्रेमला धरून उठतो. छप्पर नसलेल्या गाडीत त्या फ्रेमला वरून कसलाही आधार नसतो. घरात सगळ्यांना ही सवय सोडायला सांगा.

फ्रेम तशीच ठेवून नवी काच बसवली तर तीही जाईल, आणि त्याच कोपऱ्यातून जाईल.

काचेचं बोलू. रेझिन भरून दुरुस्ती होईल का, असं तुम्ही विचारलंय. दगडाचा छोटा टिपका असेल तर होते, काठापासून निघालेल्या लांब तड्याला नाही. सपाट काच असती तर गावातल्या चांगल्या काचवाल्यानेही लॅमिनेटेड शीट मापाने कापून दिली असती. एमजीच्या जुन्या टी मालिकेतल्या गाड्यांचं तसं जमतं. स्पिटफायरची काच वळणाची आहे. वळणाची काच भट्टीत साच्यावर वाकवावी लागते, कापून काही उपयोग नाही. कुणी सांगेल की मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डची काच बसवा, दोन्ही गाड्या एकाच घरातल्या. घर एकच, हे खरं. स्पिटफायर हेरल्डचीच चासी आखूड करून बनवली होती, दोन्हींची डिझाइन इटलीच्या मिकेलोत्ती या डिझायनरची, आणि पुढच्या सस्पेन्शनचे काही पार्ट चालतातही. काच चालत नाही.

म्हणून इंग्लंडहून मागवा. तिथे या गाड्यांच्या सुट्या भागांचा धंदा अजून जोरात आहे, मॉस आणि रिमर ही दोन नावं कुणीही सांगेल. काचेबरोबरच रबर आणि रबराच्या खाचेत बसणारी चकचकीत पट्टी एकाच वेळी घ्या. जुनं रबर 'अजून चांगलं आहे' असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, रबरात नाही. मॉडेल सांगताना नुसतं स्पिटफायर म्हणू नका, चासी नंबर द्या. १९६८ ची म्हणजे मार्क ३. काच लाकडी पेटीत उभी पॅक करून पाठवायला सांगा, आडवी नाही. पेटी हातात आली की ट्रान्सपोर्टवाल्याच्या समोर उघडा आणि मगच सही करा. काचेच्या कोपऱ्यात गोलात 'ई' आणि शेजारी आकडा कोरलेला असेल, ती युरोपची मान्यता. ११ म्हणजे ब्रिटन. फिकट हिरवी किंवा वर निळी पट्टी असलेली काच या गाडीला शोभत नाही, साधी पारदर्शक घ्या. फिल्म तर लावूच नका. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आरपार जायला हवा असा नियम आहे, आणि अशी गाडी सात रस्त्यावर आली की ट्रॅफिक हवालदारासकट सगळे वळून बघणारच.

काच यायला वेळ लागेल. तोवर जुनी काढा आणि फ्रेमचं काम उरका. एक सांगून ठेवतो, ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, विमा असेल आणि दगडाचा मामला असेल, तर सर्व्हेअर येऊन फोटो काढेपर्यंत काचेला हात लावू देऊ नका. काचेवर घसारा कापत नाहीत, रबर-प्लास्टिकवर ५० टक्के कापतात, आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. गंजामुळे गेली असेल तर विम्याचा नाद सोडा.

काढताना काही मेकॅनिक सीटवर बसून दोन्ही पाय काचेला लावून रेटतात. तसं करू देऊ नका, फ्रेम वाकते. रबर फेकायचंच आहे, तर बाहेरून त्याचा ओठ सरळ ब्लेडने कापून घ्यावा, काच अलगद बाहेर येते. हातमोजे घाला. मग फ्रेम. मागे कुणी सिलिकॉन भरलं असेल तर ते खरवडून टाका, गंज वायर ब्रशने पांढऱ्या पत्र्यापर्यंत, भोक पडलं असेल तर वेल्डिंग. वेल्डिंगचा टिपका ग्राइंड करून सपाट झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, नाहीतर गंजाच्या जागी तोच टोचेल. प्रायमर, पेंट, आणि पेंट पूर्ण वाळू द्या. नवी काच आली की आधी रबराशिवायच फ्रेमवर धरून बघा. चारही बाजूंना फट सारखी दिसली पाहिजे. या एका गोष्टीसाठी फिटर कंटाळा करतो. तुम्ही समोर उभे राहा.

बसवायचं काम सकाळी घ्या, सावलीत. काच आणि पत्रा दोन्ही सारख्या तापमानाला हवेत. बाकावर जाड सोलापुरी चादर घडी करून अंथरा, त्यावर काच ठेवा. नवं रबर तासभर उन्हात ठेवलं की मऊ होतं, ते काचेभोवती चढवा. सांधा असेल तर तो कोपऱ्यात येऊ देऊ नका. मग रबराच्या बाहेरच्या खाचेत गुळगुळीत नायलॉनची दोरी सगळीकडून फिरवायची आणि दोन्ही टोकं खाली मध्यावर, वीतभर एकमेकांवर येतील अशी, आत सोडायची. खाचेला साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, रबर फुगतं. काच फ्रेमवर टेकवली की एक जण बाहेरून तळव्याने दाबतो, दुसरा आत बसून दोरी ओढतो. दोरी काचेला समांतर, सावकाश येते आणि तिच्यामागोमाग रबराचा ओठ पत्र्यावरून उलटून आत बसत जातो. आधी खालची बाजू, मग कोपरे, वरची शेवटी. कोपऱ्यावर ओढणाऱ्याने घाई केली तर ओठ फाटतो. "हळू ओढ बे!" ही आमच्याकडची त्या वेळची ठरलेली आरोळी. हातोडी, स्क्रूड्रायव्हर यांचं इथे काही काम नाही.

सगळ्यात छळते ती शेवटची चकचकीत पट्टी. तिच्यासाठी फासा असलेलं हत्यार मिळतं. न मिळालं तर सायकलची स्पोक वाकवून कुठलाही फिटर करून देईल.

सीलंट रबर आणि पत्रा यांच्या मध्ये, आणि न सुकणारा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन दुकानदार हमखास पुढे करेल. ते उघड्या पत्र्याला गंज आणतं, परत करा. दुसऱ्या दिवशी पाइपने बारीक धार सोडा, प्रेशर गन नको, आणि एकाला बॅटरी देऊन आत डॅशबोर्डखाली बघायला बसवा. हे पावसाळ्याआधी झालेलं बरं.

आणि जुने वायपर नव्या काचेवर फिरवू नका. ब्लेडमध्ये अडकलेली आपली धूळ पहिल्याच दिवशी अर्धवर्तुळाचा ओरखडा काढते. जुनी काच काढल्यावर खालच्या कोपऱ्याचा फोटो इथेच टाका, वेल्डिंग लागेल की नुसतं घासून भागेल ते सांगतो.