पुरातली गाडी, तिचा बेल्ट आणि मांडीवरचं बाळ

प्रश्न : 2018 ची सेकंडहँड हॅचबॅक बघितली आहे. गाडी चिपळूणची. मालक म्हणतात, जुलै 2021 च्या पुरात पाणी फक्त मॅटपर्यंत आलं होतं. इंजिन उत्तम आहे. बेल्ट आणि एअरबॅग कशी तपासावी? – एक वाचक, गुहागर

उत्तर : मॅटपर्यंतचं पाणीच इथे नडतं. एअरबॅग कधी फुगवायची ते ठरवणारं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत गिअरजवळ, दोन पुढच्या सीटांमधल्या कन्सोलखाली, तळाच्या पत्र्यालाच बोल्ट केलेलं असतं. पुढच्या सीटखालचे पिवळे कनेक्टर आणि पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबाच्या तळातलं बेल्टचं रीळही जवळपास तेवढ्याच उंचीवर. इंजिनापर्यंत पाणी पोचलंच नाही, मग ते उत्तम चालणारच.

पुढचा बेल्ट सावकाश ओढत अगदी शेवटपर्यंत बाहेर काढा. रोजच्या वापरातला पट्टा धुऊन घेतलेला असतो, पण रिळाजवळचा शेवटचा वीतभर भाग सहसा कुणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली किंवा कुबट वास आला, तर रीळ पाण्यात होतं असं समजा. पट्टा सोडल्यावर आपोआप पूर्ण आत जायला हवा, आणि झटका देऊन ओढला की प्रत्येक वेळी जागीच अडकायला हवा. पाचांत एकदा जरी सुटला, तरी तो बेल्ट बाद. सीटच्या रुळांचे बोल्टही टॉर्च लावून बघा. आपल्या खाऱ्या हवेत वरवरचा गंज चढतोच, पण पापुद्रे सुटत असतील तर गोष्ट वेगळी.

आता डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा. चावी फिरवल्यावर तो पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही, तर कुणीतरी मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता मोठी. विझला म्हणूनही निश्चिंत होऊ नका. एअरबॅगच्या जागी रेझिस्टर जोडून युनिटला फसवणारे लोक आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचून घ्या आणि कन्सोल उघडून युनिट डोळ्यांनी बघा. मल्टीमीटरच्या पिना एअरबॅगच्या वायरिंगला कुणालाही लावू देऊ नका. बॅगेत आणि बेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरमध्ये स्फोटक असतं, तेवढ्या करंटनेही ते उडू शकतं.

एवढी चिकित्सा कशासाठी? ताशी 50 किमी वेगाची धडक सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात संपते. तेवढ्यात बेल्ट आवळून बॅग फुगायची असते. गंजलेल्या पिनेला दुसरी संधी नसते. युनिट भिजलेलं निघालं, तर ही गाडी घेऊ नका, असंच आम्ही सांगू.

प्रश्न : गणपतीला मुंबईहून दापोलीला जाताना आठ महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन, आमच्या दोघांभोवती एकच बेल्ट लावला तर चालेल का? – एक आई

उत्तर : अजिबात नको. वर सांगितलेल्या ताशी 50 किमीच्या धडकेत 10 किलोचं बाळ सुमारे 140 किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. कुणाचेही हात ते धरू शकत नाहीत. दोघांभोवती एक बेल्ट म्हणजे तुमचं सगळं वजन बाळावर. मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवायची चाइल्ड सीट घ्या आणि किमान 15 महिने तशीच ठेवा. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ती कधीही लावू नका. बसवून झाल्यावर जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवा. इंचभराहून जास्त हलली, तर गुडघ्याने दाबून पुन्हा आवळा.