मोठ्या फर्मची ऑफर स्वीकारण्याआधी

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ऑफर आली हे वाचून मनापासून आनंद झाला. पत्रात तू एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला आहेस: लहान लॉ फर्ममधली वकिलीची ही सगळी वर्षं तिथे कमी लेखली जातील का? कागदावर कदाचित लेखली जातील. कामात ती तुला फार उपयोगी पडतील, पण त्यासाठी तुझी एक सवय तिथे जिवापाड जपावी लागेल. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या फर्ममध्ये क्लायंट पहिल्यांदा भेटायला आल्यापासून व्यवहार पूर्ण होऊन पैसे हाती पडेपर्यंत तू सगळं पाहतेस. त्याला कंपनी का विकायची आहे, घाई कशाची आहे, भावाशी का पटत नाही, हेही तुला ठाऊक असतं. मोठ्या आंतरराष्ट्रीय फर्ममध्ये त्याच व्यवहारावर कराचा गट वेगळा, स्पर्धा कायद्याचा वेगळा, वित्तपुरवठ्याचा वेगळा. तुझ्या वाट्याला येतात भाडेकरार. डेटा रूममधला, म्हणजे विक्रेत्याने तपासणीसाठी ऑनलाइन ठेवलेल्या कागदपत्रांतला, एकेक करार उघडायचा आणि तक्त्यात रकाने भरायचे: मुदत, भाडं, नूतनीकरण, मालकी बदलल्यास घरमालकाची संमती लागते का. लहान फर्ममधून गेलेली हुशार मुलं नेमकी इथेच खचतात. आपल्याला कारकुनी काम दिलं असं त्यांना वाटतं.

तो संमतीचा रकानाच घे. एका करारात संमती लागते, तू 'हो' लिहिलंस आणि पुढच्या करारावर गेलीस, तर काम झालं. पण तो करार कंपनीच्या एकमेव गोदामाचा असेल, तर ती संमती मिळेपर्यंत व्यवहार पूर्ण करणं धोक्याचं आहे. ती खरेदी करारात पूर्वअट म्हणून घालावी लागेल, ती मिळायला वेळ लागेल, आणि त्याने सगळं वेळापत्रक हलेल. हे तक्त्यातून कुणाला दिसणार नाही. तू वरिष्ठांना तीन ओळींचा मेल लिही: हा करार गोदामाचा आहे, संमती अमुक कलमाखाली लागते, पूर्वअटींत घ्यायची का? असे मेल दोन-चार व्यवहारांत गेले की पुढच्या वेळी पूर्वअटींची यादी तुझ्याकडे येते. सगळा व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून आपला तुकडा करणं, ही ती सवय. ती तुला लहान फर्मने दिली आहे. पहिल्या दिवसापासून मोठ्या फर्ममध्ये वाढलेल्यांना ती मिळवायला बरीच वर्षं लागतात.

आता वेळेचा हिशोब. त्याची तुला सर्वांत जास्त धास्ती आहे हे दिसतंच. बहुतेक मोठ्या फर्ममध्ये तासाचे दहा भाग करून, म्हणजे सहा-सहा मिनिटांच्या एककात, वेळ नोंदवतात. अमेरिकी मोठ्या फर्ममध्ये वर्षाला 1,900 ते 2,000 बिलेबल, म्हणजे क्लायंटच्या बिलात लावता येणाऱ्या, तासांची अपेक्षा सर्रास असते. 2,000 तास 48 आठवड्यांत वाटून बघ: कामाच्या प्रत्येक दिवशी आठ तासांहून थोडे जास्त, आणि तेही फक्त क्लायंटला लावता येतील असे. प्रशिक्षण, अंतर्गत बैठका, जेवण यात धरलेलं नाही. म्हणजे ऑफिसात दहा-अकरा तास सहज जातात. हे जमेल का, याचा विचार सही करण्याआधी घरच्यांना बरोबर घेऊन कर.

टाइमशीट रोजच्या रोज भर. शुक्रवारी आठवून लिहिलेले तास जवळपास नेहमी कमी भरतात. आणि नोंद नेमकी हवी. 'खरेदी करारावर काम, 4.2 तास' ही नोंद पाहून क्लायंट बिलावर प्रश्न विचारतो. 'हमी कलमं तपासून दुरुस्त्या सुचवल्या, 2.2, दायित्व मर्यादेवर विक्रेत्याच्या वकिलांशी फोन, 0.6, फोननंतर मसुद्यात बदल, 1.4' अशी नोंद कर. तेवढेच तास, पण कुठे गेले ते दिसतं. जास्त वेळ लागला म्हणून स्वतःच तास कापू नकोस. बिलातून किती सोडायचं हे पार्टनर ठरवतात, आणि खरा वेळ दिसला नाही तर पुढच्या कामाचा अंदाजही चुकतो. खोटा वेळ लावणं तर मनातही आणू नकोस; त्यात सनद जाऊ शकते.

निघण्याआधीचं एक काम मात्र अगदी जपून करायचं आहे. तुझ्या जुन्या आणि त्यांच्या क्लायंटचे हितसंबंध आड येतात का हे तपासायला, म्हणजे कॉन्फ्लिक्ट चेकसाठी, नवी फर्म तुझ्याकडून यादी मागेल: कोणत्या क्लायंटसाठी काम केलंस, समोर कोण होतं. फक्त नावं दे, आणि साधारण कोणत्या प्रकारचं काम ते. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने 2009 साली याच विषयावर मत दिलं आणि 2012 मध्ये वकिलांच्या आचरणाच्या आपल्या आदर्श नियमांत तरतूदही घातली. दोन्हींचा रोख एकच, हितसंबंध तपासायला लागेल तेवढीच माहिती द्यायची. एखाद्या क्लायंटचं नावच गोपनीय असेल, अजून जाहीर न झालेला व्यवहार असेल, तर आधी तुझ्या पार्टनरना विचार. काम संपलं तरी गोपनीयतेचं कर्तव्य संपत नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने बोल्किया विरुद्ध केपीएमजी (ही हिशोब तपासणारी फर्म) या निकालात ते ठामपणे सांगितलं, आणि एकाच फर्ममधल्या दोन गटांत माहिती जाऊ नये म्हणून ऐनवेळी उभारलेल्या 'माहितीच्या भिंती'वर विश्वास ठेवायला नकार दिला. तो निकाल वाच. लहान फर्ममध्ये सगळ्यांना सगळं माहीत असतं, त्यामुळे तुझ्या डोक्यात जितक्या क्लायंटची माहिती आहे तितकी मोठ्या फर्ममधल्या तुझ्या वयाच्या वकिलाच्या डोक्यात नसते.

मसुदे, नमुने, जुने करार यातलं काही पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर घेऊ नकोस. तू रात्रभर जागून लिहिलेला करारसुद्धा फर्मचा आणि क्लायंटचा आहे. आणि क्लायंटला तू जाणार असल्याचं सांगण्याआधी तुझ्या सरांना सांग. समोर बसून सांग, मेलवर नको. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. ज्यांनी तुला पहिला युक्तिवाद लिहायला दिला, त्यांना ही बातमी बाहेरून कळता कामा नये.

ऑफरबद्दल चार गोष्टी विचारून घे. तुझ्या अनुभवाची किती वर्षं धरणार? एक-दोन वर्षं कमी धरणं नेहमीचं आहे आणि त्याचा अपमान वाटून घेऊ नये, पण ते लेखी असावं, कारण पगार आणि बढती दोन्ही त्यावरच ठरतात. काम कोण वाटतं, ठरलेली व्यक्ती की ज्या पार्टनरची नजर पडेल तो? तुझ्या गटातून गेल्या काही वर्षांत कोण गेलं आणि का? चौथी गोष्ट जरा आडवळणाची आहे. डेंटन्ससारख्या फर्म स्विस व्हेराइन पद्धतीने बांधलेल्या आहेत: नाव एक, पण निरनिराळ्या देशांतल्या फर्मचे हिशोब आपापले. दुसरीकडे काही फर्ममध्ये जगभरचा नफा एकत्र येतो. तुला परदेशातल्या ऑफिसात काही महिने काम करायचं आहे असं लिहिलंस, म्हणून सांगते. पार्टनर आपल्या चांगल्या असोसिएटला, म्हणजे हाताखालच्या वकिलाला, दुसरीकडे किती खुशीने पाठवतील, हे बरंचसं या बांधणीवर ठरतं.

ऑफर लेटरमधलं नोटिशीच्या मुदतीचं आणि आधी सोडल्यास जॉइनिंग बोनस परत करण्याचं कलम मला पाठव. दोन्ही एकत्र वाचून उद्या रात्री फोनवर बोलू. तोवर सही करू नकोस.

तुझी,
मॅडम