बुडबुडे थांबले, पण बिअर झाली का?

प्रश्न : आम्ही लेस्टरला राहतो. जानेवारीच्या शेवटी बिटरचा (कडवट इंग्लिश बिअरचा) तयार किट आणून २३ लिटरची बिअर लावली. सुरुवातीचं हायड्रोमीटरचं (द्रव पाण्यापेक्षा किती जड ते तरंगून दाखवणारं काचेचं उपकरण) रीडिंग १.०४६ होतं. चार दिवस एअरलॉक (झाकणावरची, पाण्यातून वायू बाहेर सोडणारी नळी) नुसता गुडगुडत होता, सहाव्या दिवशी गप्प झाला. किटबरोबरच्या कागदावर लिहिलंय, बुडबुडे थांबले की बाटल्या भरा. रीडिंग घेतलं तर १.०२०. दुसऱ्या दिवशीही तेच. मग दुपारी हीटिंग लावलं, तर एअरलॉक पुन्हा सुरू! महिनाअखेरीस पुण्याहून मेहुणा येतोय, म्हणून या शनिवारी बाटल्या भरायचा विचार आहे. भरू का? त्यात काल हायड्रोमीटर सिंकमध्ये फुटला. आईने सांगलीहून आणलेला दुधाचा लॅक्टोमीटर घरात आहे, तो चालेल का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : या शनिवारी भरू नका. मेहुण्याला पबमध्ये न्या, लेस्टरमध्ये पबांना तोटा नाही.

आधी त्या एअरलॉकचं बघू, कारण बहुतेक सगळे त्याच्याच नादी लागतात. एअरलॉक फक्त एवढंच सांगतो, की बादलीतून वायू बाहेर पडतोय. तो कुठून आला, हे त्याला ठाऊक नसतं. थंड बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळून राहतो. हीटिंग लावलंत, बिअर कोमट झाली, की तो सुटायला लागतो, आणि साखरेचा एक कणही आंबत नसताना एअरलॉक गुडगुडतो. उलटही होतं. प्लास्टिकच्या बादलीचं झाकण एका कडेला नीट बसलं नसेल, तर आत जोरात आंबत असतानाही वायू तिथूनच निसटतो आणि एअरलॉक ढिम्म. किटवाले बुडबुड्यांचा नियम छापतात, कारण तो एका ओळीत मावतो. माझ्या मते तो कागद साखरेचं माप बघण्यापुरता ठेवावा.

आता तुमचा आकडा. १.०४६ म्हणजे पाण्यापेक्षा ४६ पॉइंट, म्हणजे हजारात ४६ भाग जड; हा जडपणा मुख्यतः साखरेचा, ती आंबते तसा आकडा उतरतो. बिटरसारख्या बिअरला वापरतात ते साधं इंग्लिश एल यीस्ट त्या पॉइंटांतले साधारण तीन चतुर्थांश संपवतं, म्हणजे बिअर ११-१२ च्या आसपास थांबायला हवी. तुमची २० वर थांबलीय. सलग दोन दिवस आकडा तोच आला म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, पण आकडा स्थिर असणं पुरेसं नाही, तो पटणाराही हवा. फेब्रुवारीत रात्री हीटिंग बंद झालं की आपल्या घरांतला कोपरा सहज १४-१५ अंशांवर येतो. तेवढ्या थंडीत बरीचशी एल यीस्टं काम टाकून तळाशी साका होऊन बसतात. तुमचं यीस्ट दमलंय की गारठलंय, हे नुसतं बघून कळणार नाही.

तेव्हा बादली घरातल्या सगळ्यात उबदार खोलीत हलवा, २०-२१ अंश मिळतील अशी. बाहेरून गोधडी गुंडाळा, म्हणजे रात्री एकदम उतरणार नाही. झाकण न उघडता बादली हलकेच गोल फिरवा, तळाचा साका थोडा उठू दे. पळीने ढवळू नका. आता आत हवा मिसळली तर बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते आणि ती जात नाही.

त्याच वेळी मी जी चाचणी हटकून करते, तीही करा. कपभर बिअर स्वच्छ बाटलीत काढा, तिच्यात चमचाभर कोरडं यीस्ट टाका, पावाचं नको, बिअरचंच घ्या. झाकण सैल ठेवा आणि बाटली एअरिंग कपबर्डमध्ये (गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात), २५ अंशांच्या आसपास ठेवून द्या. येता-जाता हलवा. दोन-तीन दिवसांत तिथला आकडा जिथे थांबेल, तो तुमच्या बिअरचा खरा तळ. तो ११ आला तर बादलीतली बिअर अर्धवट आहे. तो १९ आला, तर ज्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) अर्कापासून किट बनलाय त्यातच न आंबणारी साखर जास्त होती, आणि तुमची बिअर खरंच होत आलीय. अर्काच्या किटमध्ये असं होतं. हा नमुना प्यायचा नाही, ओतून द्यायचा.

घाई का नको, याचा हिशेब सांगते. एक पॉइंट आंबला की लिटरभर बिअरमध्ये साधारण अर्धा लिटर वायू तयार होतो. बिटरला बाटलीत लिटरमागे दोन लिटर वायू पुरतो. तुमच्या बिअरमध्ये आठ पॉइंट शिल्लक असतील, तर बाटली भरल्यावर चार लिटर जादा, एकूण सहा. शॅम्पेनमध्ये साधारण तेवढाच असतो, पण ती बाटली जाड काचेची, तळ आत दबलेला, वर बूच तारेने जखडलेलं. तुमच्या बिअरच्या बाटल्या कपाटात फुटतील, आणि त्या क्षणी बाटली उचलायला कोण गेलेलं असेल ते सांगता येत नाही.

रीडिंग कसं घेता, त्यावरही बरंच अवलंबून आहे. नमुना दोन ग्लासांत चार-पाच वेळा ओता, फेस बसू द्या. वायूचे बारीक बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटले तर तो वर उचलला जातो आणि आकडा खोटाच जास्त येतो. नळीत सोडला की बोटांनी गर्रकन फिरवा, थांबला की डोळा पातळीला आणून काठाला चढलेली कडा सोडून सपाट भागाचा आकडा वाचा. नमुना २० अंशांचा हवा, इथले बहुतेक हायड्रोमीटर त्यालाच जुळवलेले असतात. वाचून झालं की तो घोट प्या, बादलीत परत ओतू नका. गोड लागला तर साखर आहे. लोण्याचा किंवा हिरव्या सफरचंदाचा वास आला, तर आकडा पटला तरी आणखी दोन-तीन दिवस उबेत राहू द्या, यीस्ट ते स्वतःच निस्तरतं. किटमध्ये शेवटी टाकायच्या हॉप्सची (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) पुडी असेल, तर ती टाकल्यावर पुन्हा मोजा. हॉप्समधली एन्झाइम्स न आंबणाऱ्या साखरेचे तुकडे करतात आणि थांबलेली बिअर परत चालू लागते.

उबेत ठेवल्यावर तीन दिवसांच्या अंतराने दोन रीडिंग तीच आली आणि ती चाचणीच्या आकड्याशी जुळली, की भरा. २३ लिटरला साधारण ११० ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये एकत्र मिसळून. बाटलीगणिक अर्धा चमचा टाकायच्या पद्धतीत प्रत्येक चमचा वेगळा भरतो. एक बाटली प्लास्टिकची भरा. ती दाबून कडक लागली, की बाकीच्यांतही वायू धरलाय.

लॅक्टोमीटरबद्दल. इकडे येण्याआधी मी डेअरीच्या लॅबमध्ये होते, तेव्हा या उपकरणाशी माझी जुनी ओळख आहे. तत्त्व तेच, द्रव जितका जड तितकं उपकरण वर तरंगतं. पण दुधाच्या कामाच्या लॅक्टोमीटरवर खुणा साधारण १५ ते ४० असतात, म्हणजे १.०१५ ते १.०४०. तुमची बिअर १२ वर आली की तो पहिल्या खुणेच्याही खाली बुडेल आणि तुम्ही अंदाज बांधत बसाल. आईंचा लॅक्टोमीटर आईंना परत द्या.

आणखी एक, पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती बिअर करायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून तिथे बादली घेऊन बसू नका.

हायड्रोमीटर नवा घ्याल तेव्हा दोन घ्या. काच आहे, आणि फुटतो तो नेमका बाटल्या भरायच्या आदल्या दिवशी.