फक्त ठरावीक मोबाइल-लॅपटॉपनाच वायफाय मिळेल असं करता येतं का?

येतं. राउटरच्या सेटिंगमध्ये मॅक फिल्टर असतो. त्यात आपल्या उपकरणांचे मॅक ॲड्रेस (नेटवर्कवर उपकरण ओळखायचा क्रमांक) टाकले की बाकीच्यांना प्रवेश बंद. पण केवळ त्यावर विसंबू नका, हे कळकळीने सांगतो. पासवर्ड असलेल्या नेटवर्कवरही मॅक ॲड्रेस हवेतून उघडाच जातो. तो टिपून कुणीही स्वतःच्या लॅपटॉपला लावू शकतो. शिवाय हल्लीचे बरेच फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा ॲड्रेस वापरतात, म्हणून यादीत फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या नेटवर्कखाली दिसणाराच टाका.

खरी राखण करतात डब्ल्यूपीए३ ही वायफायची सुरक्षा पद्धत (नसेल तर आधीची डब्ल्यूपीए२) आणि लांबलचक पासवर्ड. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, आधी बंद करा: त्याचा ८ अंकी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत सापडतो. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क (आपल्यापासून वेगळं ठेवलेलं वायफाय) द्या. ऑफिसात शक्य असेल तर प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन ठेवा. कुणी नोकरी सोडली तर तेवढंच बंद करता येतं.