पैशाचं बोलू: साडी ८९९ ची, फटका १८,४०० चा

प्रश्न: नणंदेच्या भाऊबीजेच्या ओवाळणीसाठी मोबाइलवरची जाहिरात बघून ८९९ रुपयांत महेश्वरी साडी मागवली. पार्सलवाल्याला रोख पैसे दिले, उघडलं तर आत चकचकीत सिंथेटिक. परत करायची म्हणून नेटवर कुरियरवाल्यांचा नंबर शोधला. तिथला माणूस फार गोड बोलला. पत्ता पक्का करायला पाच रुपये भरा म्हणाला आणि व्हॉट्सॲपवर एक ॲप पाठवलं. ते टाकलं आणि दहा मिनिटांत खात्यातून १८,४०० गेले. चार दिवस झाले, ह्यांना अजून सांगितलेलं नाही. काय करू?
– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: ताई, पत्र हाती पडलं त्याच दिवशी तुम्हाला १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन लावायला कळवलं होतं. इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी.

पहिली चोरी ८९९ ची होती, ती पचली असती. मोठी चोरी झाली ती तुम्ही पहिली निस्तरायला गेलात तेव्हा. या लोकांचं गणितच तसं आहे: फसलेला माणूस घाईत असतो, चिडलेला असतो आणि मदतीचा नंबर शोधत असतो. नेटवर तो नंबर त्यांनीच पेरून ठेवलेला असतो. पाच रुपये नुसते निमित्ताला. खरं काम त्या ॲपचं. त्याने तुमचे मेसेज वाचायची परवानगी घेतली, की ओटीपी तुमच्या आधी त्यांना दिसतो.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, तरी मागच्या दिवाळीत पितळी समईच्या नावाखाली पत्र्याची समई घेऊन बसलो. मीही असाच नंबर शोधला. पलीकडचा म्हणाला, ‘अंकलजी, रिफंड के लिए पिन डाल दो.’ तिथे हात थांबला. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे पाठवायला, घ्यायला कधीच लागत नाही. पुण्याई माझी नव्हे, नोकरीची.

१९३० लवकर लावायचं कारण असं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. वाटेत जिथे सापडतील तिथे ते गोठवतात. चार दिवस म्हणजे उशीरच, तरी तक्रार कराच आणि तिचा नंबर जपून ठेवा. बँकेलाही लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या चुकीने गेलेले पैसे त्याचेच जातात, पण बँकेला कळवल्यानंतर जे जातील ते बँकेच्या अंगावर. दरम्यान त्या फोनचं नेट बंद करा, ते ॲप काढून टाका आणि पासवर्ड-पिन दुसऱ्या फोनवरून बदला.

आणि ह्यांना सांगा, आजच. कारण आता तिसऱ्या चोरीचा फोन येईल. ‘मॅडम, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला दोन हजार भरा.’ घरात लपवलेलं असलं, की बाई गुपचूप तेही भरून मोकळी होते.

साडीचं म्हणाल तर महेश्वर आपल्यापासून नव्वदेक किलोमीटरवर. हातमागावरच्या साडीला दिवसचे दिवस लागतात. ८९९ मध्ये सूत-रेशीम, मजुरी, कुरियर आणि जाहिरात बसवायची तर कोणीतरी पदरचं घालायला हवं. जुन्या पद्धतीच्या महेश्वरीच्या पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत नि दोन पांढरे, आणि काठ उलटसुलट दोन्हीकडून नेसता येतो. शितलामाता बाजारात जाऊन काठ उलटून बघायला पैसे पडत नाहीत. मोबाइलवर काठ उलटत नाही, एवढीच त्याची अडचण.

प्रश्न: धनत्रयोदशीला सराफ्यातून सुनेला अंगठी घ्यायची आहे. हॉलमार्क खरा कसा ओळखायचा?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख-नंबर, लागतो. दुकानदाराकडून भिंग मागा, तो वाचा आणि भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तिथल्या तिथे टाका. शुद्धता येते, दागिन्याचा प्रकारही येतो. हातात अंगठी आणि ॲपमध्ये बांगडी आली, तर नंबर उसना आहे. बिल पक्कंच घ्या. आणि जा ते दिवसा. रात्री सराफ्यात खाऊगल्ली भरते, भुट्ट्याचा कीसच मिळतो.