‘रेड डेड रिडेम्प्शन २’मधील आर्थर मॉर्गन आयएसटीपी आहे की आयएसएफपी?

आपला प्रश्न असा आहे : या व्हिडिओ गेमचा नायक, दरोडेखोर आर्थर मॉर्गन याला स्वभावप्रकारांच्या काही याद्यांमध्ये आयएसटीपी म्हटले आहे, तर काहींमध्ये आयएसएफपी, त्याच्या टोळीचा प्रमुख डच व्हॅन डर लिंड याच्याबद्दल तर जितकी तोंडे तितकी मते आहेत. मग गेममधल्या पात्राचा स्वभावप्रकार ठरवायचा कशावरून, आणि आपला स्वतःचा प्रकार चाचणीत आयएनएफपी आला असेल तर त्या टोळीत आपल्यासारखे कोण आहे?

हा गेम मी दोन वेळा शेवटपर्यंत खेळलो आहे, पहिल्यांदा सरळ मार्गाने आणि दुसऱ्यांदा मुद्दाम वाईट वागून, आणि दुसऱ्या वेळी हाच प्रश्न माझ्या मनात होता. माझे उत्तर आयएसएफपी असे आहे. ते का, हे सांगताना कथेचा शेवट उघड करावा लागतो, म्हणून ज्यांचा गेम अजून पूर्ण झालेला नाही त्यांनी पुढचे वाचन तूर्त थांबवावे, ही विनंती.

प्रथम या अक्षरांविषयी. कार्ल युंग यांनी 1921 मध्ये माणसांच्या मानसिक प्रकारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी चार जोड्यांची आणि सोळा प्रकारांची मांडणी केली : माणूस अंतर्मुख (आय) आहे की बहिर्मुख (ई), समोर दिसणाऱ्या गोष्टीवर (एस) विसंबतो की तिच्यामागच्या शक्यतेवर (एन), निर्णय तर्काने (टी) घेतो की स्वतःच्या मूल्यभावनेने (एफ), आणि आयुष्य आखून (जे) जगतो की प्रसंग येईल तसे (पी). मानसशास्त्राचे अनेक अभ्यासक ही मांडणी ग्राह्य मानत नाहीत. बहुतेक माणसे या जोड्यांच्या मध्यावरच कुठेतरी असतात, आणि तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर एखादे अक्षर सहज बदलते. हा आक्षेप मला मान्य आहे आणि नोकरीसाठी माणसे निवडताना ही अक्षरे वापरणे मला चुकीचे वाटते. पात्रांची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. इझाबेल मायर्स यांनी प्रश्नावली तयार करण्याच्या कितीतरी आधी एक रहस्यकादंबरी लिहिली होती, आणि त्यांच्या आईने या विचाराची सुरुवात थोरामोठ्यांची चरित्रे वाचण्यापासून केली होती. लिहिलेल्या माणसांकडे बारकाईने पाहण्याची सवय या पद्धतीच्या मुळाशीच आहे, आणि त्यासाठी ती उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे.

कादंबरीतल्या पात्राची प्रत्येक कृती लेखकाने ठरवलेली असते. गेममध्ये तसे नसते. आर्थरने वाटेवरच्या वाटसरूला लुटायचे की साप चावलेल्याचे विष शोषून त्याला वाचवायचे, हे कंट्रोलर हातात असलेला माणूस ठरवतो, आणि त्यानुसार ‘ऑनर’ हे सद्वर्तनाचे माप चढते किंवा उतरते. ज्याने आर्थरला शांतपणे हरणाच्या मागावर फिरवले, त्याला तो आयएसटीपी वाटतो. ज्याने प्रत्येक अनोळखी माणसाला मदत केली, त्याला आयएसएफपी किंवा आयएसएफजे वाटतो. आणि ज्याने गावेच्या गावे गोळीबाराने उठवली, त्याला ईएसटीपी. याद्यांमधला गोंधळ बव्हंशी इथून येतो, कारण त्या यादीकर्त्यांनी आर्थरबरोबर स्वतःच्या खेळण्याचाही प्रकार मोजलेला असतो. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला : खेळाडूला जे बदलता येत नाही तेच पुरावा म्हणून धरायचे. म्हणजे मुख्य मिशनमधील अटळ प्रसंग, तळावरच्या शेकोटीभोवतीच्या गप्पा, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे आर्थरची डायरी. त्या पुराव्यातही, पात्र नेहमीच्या दिवशी कसे वागते यापेक्षा, दोन गोष्टींपैकी एकच राखता येईल अशा वेळी ते काय सोडते, याला मी अधिक वजन देतो.

आर्थर वरवर पाहता अगदी आयएसटीपीच दिसतो, हे मान्य करायला हवे. तो मितभाषी आहे, बंदूक आणि घोडा यांच्यात पारंगत आहे, संकटात डोके शांत ठेवतो आणि पुढच्या महिन्याचा विचार कधी करत नाही. परंतु हे सगळे त्याचे काम आहे. कोवळ्या वयात डच आणि त्याचा जुना साथीदार होझिया यांनी त्याला आपल्याकडे घेतले, आणि वीस वर्षांहून अधिक काळ त्याने दरोडेखोरीच केली. त्या धंद्यात जो टिकला त्याच्या अंगी हे गुण आलेच असते. लोहाराचे हात राठ असतात म्हणून त्याचा स्वभाव राठ ठरत नाही.

डायरी उघडली की दुसराच माणूस भेटतो. तिच्यात पक्ष्यांची, झाडांची, वाटेत दिसलेल्या इमारतींची रेखाटने आहेत, आणि ती एखाद्या निरीक्षकाच्या कोरड्या नोंदींसारखी नाहीत, तर ज्याला ती वस्तू सुंदर वाटली त्याने काढलेली आहेत. लिखाणात तो दरोड्याच्या आखणीची फारशी चिकित्सा करत नाही. आपण कसले माणूस आहोत, हे जे केले ते आपल्याला सोसवेल का, डचला झाले आहे तरी काय, पूर्वीची प्रेयसी मेरी हिला पुन्हा भेटलो ते बरे केले की वाईट, याच प्रश्नांभोवती तो फिरत राहतो. मनात चालणारा हा मूल्यांचा झाडा, जो तो तोंडाने कोणालाही सांगत नाही, त्यालाच युंग यांच्या परिभाषेत अंतर्मुख भावना म्हणतात. आयएसटीपी माणूसही आतल्या गाठीचा असतो, पण त्याच्या आत चाललेले असते ते ‘हे चालते कसे’ याचे विश्लेषण.

आता अटळ प्रसंग पाहू. गेमच्या दुसऱ्या प्रकरणात टोळीतल्या स्ट्रॉसच्या सावकारीच्या वसुलीसाठी आर्थरला थॉमस डाउन्स या आजारी शेतकऱ्याला मारहाण करावी लागते. खेळाडूला ती टाळता येत नाही. आर्थर हे काम करतो, पण त्याला ते पहिल्यापासून आवडत नाही, आणि त्याच भेटीत त्याला क्षयाची लागण होते. सेंट डेनिस शहरातील डॉक्टर त्याला रोगाचे नाव सांगतो, तेव्हा कथा 1899 सालातली आहे हे लक्षात ठेवावे. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मरण जवळ आल्यावर तो काय निवडतो? डचची इच्छा नसताना तो टोळीतल्या सेडीला घेऊन साथीदार जॉनला तुरुंगातून सोडवतो. पुढे जॉनच्या मुलाची आई ॲबिगेल पकडली गेल्यावर डच तिच्यासाठी मागे फिरायला नकार देतो, आणि आर्थर पुन्हा सेडीबरोबर तिला आणायला जातो. यात नफ्यातोट्याचा हिशेब कुठेही नाही. टोळीची शिस्त आणि डचवरची निष्ठा या गोष्टी त्याने आयुष्यभर पाळल्या, म्हणून काहीजण त्याला आयएसएफजे म्हणतात. पण ती निष्ठा नियमावर नव्हती, माणसावर होती, आणि तो माणूस आतून बदलला हे कळताच आर्थरने ती जॉनच्या कुटुंबाकडे वळवली.

पहिल्या खेळात माझा आर्थर रेल्वे स्टेशनवर सिस्टर काल्डेरॉन या जोगिणीसमोर बसून आपल्याला भीती वाटते असे कबूल करतो, तो प्रसंग मला आजही जसाच्या तसा आठवतो. ऑनर उतरलेला असेल तर तिच्या जागी टोळीतला धर्मोपदेशक रेव्हरंड स्वॉन्सन भेटतो. दुसऱ्या खेळात मी आर्थरला इतके वाईट वागवले होते की दुकानदार त्याला पाहून दचकत, आणि तरीही शेवटच्या प्रकरणात त्याने जॉनलाच निसटायला सांगितले. माझ्या कंट्रोलरने त्याचे वर्तन बिघडवले, पण निवड करण्याची त्याची रीत बदलली नाही. माझा निर्णय तिथे पक्का झाला.

डचबद्दल मी अधिक काळ साशंक होतो. तो सतत योजनेविषयी बोलतो, टोळीचे नेतृत्व करतो, म्हणून त्याला ईएनटीजे म्हणणे सोपे जाते. पण त्याच्या योजना एकदा कागदावर मांडून पाहा. ब्लॅकवॉटरच्या बोटीवरचा दरोडा होझियाच्या मनाविरुद्ध होता. पैसे मिळवायचे आणि दूर निघून जायचे, यापलीकडे तपशील जवळपास नसतो, आणि कोणी तपशील विचारला तर डच उत्तरात आकडे देत नाही. तो विश्वास मागतो. माणसांना तो कर्तबगारीने मोजत नाही, निष्ठेने मोजतो. ईएनटीजे नेत्याला कामाचा निकाल हवा असतो आणि निकाल मिळत असेल तर प्रश्न विचारणारा माणूस त्याला चालतो. डचला प्रश्न विचारणे हाच द्रोह वाटतो. तंबूतला ग्रामोफोन, एव्हलिन मिलर या लेखकाची पुस्तके, प्रत्येक पराभवानंतरचे भाषण, वाट चुकलेल्या मुलांना उचलून घर देण्याची त्याची जुनी सवय, हे सर्व ईएनएफजे या प्रकाराकडे नेते; फक्त तो प्रकार इथे सडलेल्या अवस्थेत दिसतो.

यावर अनेकजण अडतात, कारण ‘एफ’ म्हणजे भला माणूस असा समज रूढ आहे. तो मला या साऱ्या चर्चेतला सर्वांत घातक गैरसमज वाटतो. भावनेने निर्णय घेणारा माणूस कोणाच्या भावनेने निर्णय घेतो, हे ते अक्षर सांगत नाही. सूड आपल्याला परवडणार नाही असे टोळीला शिकवणारा डच, सेंट डेनिसमधल्या गुंडांचा म्होरक्या अँजेलो ब्राँटे याने अपमान केला म्हणून त्याला पाण्यात बुडवून मारतो आणि मगरीपुढे टाकतो. हा तर्काचा निर्णय नव्हे. दुखावलेल्या अभिमानाचा आहे. होझिया जिवंत असेपर्यंत त्याला आवरणारे कोणी होते. बँकेच्या दरोड्यात होझिया मारला गेल्यावर कान भरायला टोळीतला मायका उरला, आणि तेल कारखान्यात आर्थरवर हल्ला झालेला दिसत असूनही डच पाठ फिरवून निघून गेला.

होझियाला मी ईएनटीपी म्हणेन. लोकांना बोलण्यात गुंतवून गंडवणे ही त्याची कला आहे, आणि कोणत्याही बेतातली फट त्याला सर्वांच्या आधी दिसते. मायका बेल ईएसटीपी आहे, यावर फारसा वाद नाही. स्ट्रॉबेरीच्या तुरुंगातून सुटताच पळून जाण्याऐवजी तो गावभर गोळीबार करत सुटतो, एवढे पुरे. सेडी ॲडलरलाही अनेकजण तोच प्रकार लावतात, मला ते अर्धेच पटते. क्लेमेन्स पॉइंटच्या तळावर स्वयंपाकाच्या कामावरून तिचे टोळीचा स्वयंपाकी पिअरसन याच्याशी भांडण होते, ती आर्थरबरोबर ऱ्होड्स गावाला जाते, आणि परत येते ती पँट घालून, बंदूक घेऊन. तिच्या धाडसामागे मारल्या गेलेल्या नवऱ्याचे दुःख सतत जळत असते. म्हणून मी ईएसएफपी म्हणतो, पण या बाबतीत माझा आग्रह नाही.

जॉन मार्स्टन मात्र खराखुरा आयएसटीपी आहे, आणि आर्थर तसा का नाही याचा सर्वांत सुंदर पुरावाही तोच. उपसंहारात, 1907 सालात, तीच डायरी जॉनच्या हाती येते. वही तीच, डोंगर तेच, प्राणीही तेच. पण रेखाटने ओबडधोबड आहेत. जॉन सभ्य माणूस आहे, कुटुंबासाठी तो घर उभारतो, आपल्याला जमत नाही ते खिळा खिळा ठोकत शिकतो. त्याचे प्रेम कामातून व्यक्त होते. दोघांची पाने शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, अशी माझी शिफारस आहे. गेमच्या निर्मात्यांनी दोन स्वभावांमधला फरक एकही वाक्य न बोलता दाखवला आहे.

आता आपल्या स्वतःच्या प्रश्नाकडे वळतो. आयएनएफपी असाल तर टोळीत आपल्या सर्वांत जवळची मेरी-बेथ गॅस्किल आहे. चोरी तिलाही चुकलेली नाही, साधेभोळे बोलून लोकांकडून बातमी काढून आणण्यात ती तरबेज आहे, पण वेळ मिळताच ती पुस्तक उघडून बसते आणि आपणही एक दिवस लिहू अशी आशा बाळगून असते. बरेच खेळाडू तळावर फार थांबत नाहीत, त्यामुळे ती त्यांच्या लक्षातच राहत नाही. पुढच्या वेळी खेळताना तिच्याजवळ जरा थांबा. ती आर्थरकडे एक फाउंटन पेन मागेल. ते शोधून तिला आणून द्या, आणि उपसंहारात जॉनला घेऊन तिची भेट घ्या. तेव्हा ती टोपणनावाने प्रेमकथा लिहिणारी लेखिका झालेली असते.