वाचकांचे प्रश्न : अल्बर्टा हंटर ऐकताना

प्रश्न : अमेरिकी ब्लूज गायिका अल्बर्टा हंटर यांचं ‘डाउनहार्टेड ब्लूज’ हे गाणं १९२२चं ऐकलं, आणि उतारवयातलंही. तरुणपणीचा आवाज डब्यातून आल्यासारखा, म्हातारपणीचा मात्र भरदार. हे उलटं कसं?

उत्तर : दोष गळ्याचा नाही, कर्ण्याचा आहे. पॅरामाउंट या तबकडी कंपनीने १९२२मध्ये ही तबकडी केली तेव्हा ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायिकेने मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून गायचं; त्या आवाजाच्या जोरावर पातळ पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणात चर कोरायची. या यंत्रणेला खर्जातलं फारसं काही पकडता येत नसे आणि साधारण २,५०० हर्ट्झच्या वरचंही निसटून जाई. म्हणजे आवाजाचा भरणा गेला आणि ‘स’, ‘श’ची धारही गेली. उरला मधला पट्टा, टेलिफोनवर येतो तसा. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५मध्ये आलं, तोवर अल्बर्टांच्या बऱ्याच महत्त्वाच्या तबकड्या होऊन गेल्या होत्या.

मूळ आवाज केवढा असेल याचा अंदाज मात्र बांधता येतो. शिकागोच्या ड्रीमलँड या नृत्यगृहात जॅझ कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदासोबत त्या मायक्रोफोनशिवाय गात आणि नाचणाऱ्यांच्या गर्दीतही ऐकू जात. बारीक आवाजाचं हे काम नव्हे.

प्रश्न : तेव्हाची एक, मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी हाती आली आहे. नेहमीच्या टर्नटेबलवर लावली तर नुसती खरखर. स्पिरिटने पुसू का?

उत्तर : स्पिरिट अजिबात लावू नका! तबकडी लाखेची आहे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि चरीच पुसल्या जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाका, मऊ ब्रशने चरींच्या दिशेने गोल फिरवा, मग साध्या डिस्टिल्ड वॉटरने धुऊन लगेच टिपून घ्या. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे. भिजत तर ठेवूच नका.

पण खरखरीचं मोठं कारण बहुधा सुई असेल. एलपीच्या (नंतरच्या, ३३ फेऱ्यांच्या तबकडीच्या) गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते, ७८साठी ६५ ते ७५ मायक्रॉन लागते. बारीक सुई रुंद चरीच्या तळाशी जाऊन धुळीत घसरत राहते, गाणं मात्र असतं भिंतींवर. चर झिजली असेल तर थोडी जाड किंवा थोडी बारीक सुई लावून पाहा, भिंतीचा न झिजलेला भाग सापडू शकतो. कार्ट्रिज (सुई बसवलेला, सिग्नल देणारा भाग) स्टिरिओ असेल तर डावा-उजवा सिग्नल एकत्र करून मोनो करा. या चरींमधलं गाणं आडव्या हालचालीत आहे, त्यामुळे उभ्या हालचालीतून येणारा गोंगाट बराच कटतो.

वेगही तपासा. कर्ण्याच्या काळात ७८ हा आकडा काटेकोर पाळला जात नसे. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते; तबकडी वेगाने फिरली तर बाई उगीच पोरसवदा वाटते. पियानोवर स्वर जुळवून पाहा. दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठे तरी अडकलं तर वेग चुकलाय. कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) साथीला असेल तर बी-फ्लॅट, ई-फ्लॅट, एफ या पट्ट्या आधी धरून बघा.

एवढं करूनही पॅरामाउंटची तबकडी थोडी खरखरणारच. ही कंपनी म्हणजे विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. ग्रामोफोनची कपाटं बनवता बनवता ते तबकड्यांत शिरले, आणि माल हलका वापरत.

प्रश्न : ‘डाउनहार्टेड ब्लूज’ बेसी स्मिथ यांचंच ना?

उत्तर : नाही. गाणं अल्बर्टा हंटर आणि पियानोवादक लव्ही ऑस्टिन यांचं. ब्लूज गायिका बेसींनी ते फेब्रुवारी १९२३मध्ये कोलंबिया कंपनीसाठी गायलं, ती त्यांची पहिली प्रसिद्ध झालेली तबकडी, आणि ती अफाट खपली. म्हणून नाव त्यांना चिकटलं. लिहिणाऱ्या दोघींचं नाव घेतलंच पाहिजे.

प्रश्न : १९२४च्या लुई आर्मस्ट्राँग यांच्यासोबतच्या तबकडीवर ‘जोसेफिन बीटी’ असं नाव आहे. ही कोण?

उत्तर : अल्बर्टाच. त्या पॅरामाउंटशी करारबद्ध होत्या, म्हणून जेनेट या दुसऱ्या कंपनीसाठी गाताना सावत्र बहिणीचं नाव वापरलं. यादी करताना ही नोंद सुटली तर रेड अनियन जॅझ बेबीज या संचासोबतची त्यांची गाणी हातची जातात.

प्रश्न : मधली वीस वर्षं त्या गायल्याच नाहीत असं वाचलं. मग गळा टिकला कसा?

उत्तर : अगदीच गायल्या नाहीत असं नाही. जन्म १८९५चा, मेंफिसचा. १९२८मध्ये लंडनच्या ड्रूरी लेनमध्ये गायक-अभिनेते पॉल रोबसन यांच्यासोबत ‘शो बोट’ हे संगीतनाट्य, १९३४मध्ये लंडनमध्येच जॅक जॅक्सन यांच्या वाद्यवृंदासोबत तबकड्या, युद्धकाळात सैनिकांसाठी दौरे. पुढे आई गेली आणि त्यानंतर त्यांनी रंगमंच सोडून नर्सिंगचं शिक्षण घेतलं. प्रवेश मिळावा म्हणून वय बारा वर्षांनी कमी सांगितलं होतं! न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल रुग्णालयात वीस वर्षं नोकरी केली. पण १९६१मध्ये, नोकरीत असतानाच, त्यांनी शिकागोत लव्ही ऑस्टिन यांच्याच साथीने ध्वनिमुद्रण केलं. आम्ही सर्वात आधी हेच ऐकायला सांगू : तीच जोडी, आणि समोर कर्णा नाही, मायक्रोफोन.

१९७७मध्ये रुग्णालयाने सत्तरीच्या समजून निवृत्त केलं तेव्हा त्या ८२च्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या ‘द कुकरी’ या क्लबात गायला उभ्या राहिल्या आणि १९८४मध्ये निधन होईपर्यंतची उरलेली बहुतेक वर्षं गातच राहिल्या. तिथल्या ध्वनिमुद्रणात कान देऊन ऐका : वरचा स्वर त्या लांबवत नाहीत, शब्दावर टेकतात आणि सोडून देतात. दम कुठे खर्च करायचा आणि कुठे राखायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.